साहेब जेवून गेले

तलासरी तालुक्यातल्या करंजपाड्याची जमीन २०१८ च्या दिवाळीनंतर जी हलायला लागली, ती थांबायचं नाव घेईना. आधी भुईच्या पोटात गुरगुर व्हायची, मग फळीवरची भांडी वाजायची, मग माणसं पोरंबाळं बगलेत मारून अंगणात. कधी दिवसातून एकदा, कधी जेवणाआधी आणि जेवणानंतर, औषधासारखं. धुंदलवाडीकडच्या शाळा झाडाखाली भरू लागल्या. लांबलांबचे शास्त्रज्ञ येऊन यंत्रं बसवून गेले. सरकारनं काही तंबू दिले, आणि ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांनी निळं प्लास्टिक आणि जुनी लुगडी बांधून आपापली सोय केली. पौषाच्या थंडीत अख्खा पाडा आपल्याच घरासमोर उपऱ्यासारखा झोपत होता.

या सगळ्यावर हसायचं काम लाहूकडे होतं. पंचवीस वर्षं घोलवडच्या वाड्यांत चिकू उतरवून त्याचे खांदे कामातून गेले होते, पण जीभ शाबूत होती. लग्नात, मयतात, रेशनच्या रांगेत लाहू काय बोलतो याकडे लोकांचे कान असत. जमीन पहिल्यांदा जोरात हलली त्या दिवशी सगळे अंगणात थरथरत उभे होते, बायका रडत होत्या, तेव्हा लाहू म्हणाला, "जमिनीला पण कळलं हाय. इलेक्शन आलं. आथा हलल्याबिगर आपल्याला कोण इचारणार?" रडणारी माणसं हसली. तेवढंच त्या रात्री पोटात गेलं, कारण आत जाऊन भाताचं भांडं आणायची कुणाची हिंमत नव्हती.

इलेक्शनला उभे राहणारे साहेब पाड्याला माहीत होते. ठाणे फोडून पालघर जिल्हा झाला तेव्हा ते शेवटचे आले होते. 'आता सरकार तुमच्या दारात' असं बोलून गेले, ते त्या दारात पुन्हा दिसले नव्हते. लाहू त्यांची बाजू घ्यायचा. म्हणायचा, दारंच सगळी सारखी, तो बिचारा चुकला असंल.

लाहूचं स्वतःचं दार मात्र साहेबांच्या कृपेचं होतं. चार वर्षांपूर्वी त्याचं कारवीचं, शेणामातीनं सारवलेलं घर पाडून तिथं विटांचं घरकुल बांधून मिळालं. ठेकेदार साहेबांच्या मेहुण्याचा दोस्त होता. त्यानं वाळूत सिमेंट घातलं होतं की नुसतं दाखवलं होतं हे देवाला ठाऊक, नखानं खरवडलं तरी भिंत भुरूभुरू गळायची. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणून लाहू गप्प बसला. त्याची बायको लाडकी मात्र बसली नाही. जुन्या घराचा एक तुकडा तिनं मागच्या बाजूला हट्टानं राखला आणि तिथं चूल मांडली. जमीन हलायला लागली तेव्हा कारवीचा तो कूड सुपासारखा हलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. घरकुलाच्या मागच्या भिंतीला मात्र खिडकीच्या कोपऱ्यापासून वर छपरापर्यंत भेग गेली. महिन्याभरात त्या भेगेत लाडकीचा पंजा आडवा जाऊ लागला.

आणि घरात सून होती. निलमला नववा महिना. तिचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला लाडकी तिला डोळ्यात तेल घालून जपत होती. मुलगा दिपक उंबरगावच्या कंपनीत, रविवारी तेवढा यायचा. लाहूच्या घराला सरकारी तंबू मिळाला होता. लाडकीनं सुनेला त्यात ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "माझी पोर त्या भिंतीखाली निजणार नाय. मी हाय तवर नाय."

असं चाललेलं असताना जानेवारीत प्रविण आला.

प्रविण शेजारच्या गावचा, साहेबांचा माणूस. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि बोलताना सारखी मान वळवून बघायची सवय, कुणी मोठं माणूस मागं उभं आहे की काय. तो वाईट नव्हता. वाईट माणसं तशी थोडीच असतात, हो म्हणणारी फार. तो म्हणाला, "लाहूकाका, नशीब उघडलं तुमचं. साहेब येतायत. भूकंपग्रस्तांच्या घरी जेवणार. घर तुमचं सिलेक्ट झालंय."

"माझं का?"

"घरकुल आहे ना. आपणच दिलेलं. साहेब घरात बसून जेवतील, मीडियावाले असतील. लोकांच्या मनातली भीती जायला पाहिजे, काका. लोक उगाच घाबरून बाहेर झोपतात, बाहेरच्या बाहेर बदनामी होते."

लाडकी कुडातून बाहेर आली. "त्या घरात आमीच जात नाय. पाव्हण्याला कसा बसवायचा?"

"मावशी, सगळी व्यवस्था होते. आणि साहेब खूश झाले तर सुनेसाठी पत्र्याची शेड टाकून देतो. लोखंडी. कितीबी हलू दे, पडणार नाही. माझा शब्द."

शेड म्हटल्यावर लाहूनं लाडकीकडे पाहिलं. तंबूला दव गळत होतं, निलमच्या पायांना सूज होती. शेड मिळाली तर काय वाईट? आणि खरं सांगायचं तर, लाहूच्या मनात दुसराही किडा वळवळत होता. साहेब भेगेखाली बसलेत, हातात घास आहे आणि जमीन हलली, हे चित्र त्याला दिसू लागलं होतं. असा तमाशा जन्मात पुन्हा मिळायचा नाही. त्यानं हो म्हटलं. लाडकी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पाड्यात बातमी फुटली तशी सगळ्यांनाच हुरूप आला. महिन्याभरात तीन मोठी माणसं बघून गेली होती, आणि ती असताना एकदाही जमीन हलली नव्हती. गाडी डांबरी रस्त्याला लागली की मागं धडाधड सुरू. 'कुठं काय हलतंय?' असं विचारून माणसं निघून जात. चैत्या भगत दर आठवड्याला धरतरीला नारळ आणि कोंबडं देऊन 'गप राहा, आई' म्हणायचा. लाहू त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "या आठवड्यात तिला गप बसवू नको, बाबा. उलटं सांग. पाव्हणा जेवाय बसला का एकदा कूस बदल म्हणावं. एकदाच."

चैत्या आधी भडकला. धरतरीची मस्करी करायची नसते, असं म्हणाला. मग त्याची तुटकी चूल आणि उघड्यावर खोकणारी म्हातारी त्याला आठवली असावी. त्या आठवड्यात त्यानं नारळ दिला नाही.

जेवणाच्या दोन दिवस आधी माणसं येऊ लागली. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. डहाणूहून एक चित्रकार पोरगा आला. त्यानं भेगेत पुट्टी भरली, घासून सपाट केली, वर गेरूचा रंग दिला आणि पांढऱ्या रंगानं तारप्याचा नाच काढायला घेतला. बोट झरझर चालायचं त्याचं. खिडकीच्या कोपऱ्यातून माणसांची रांग निघाली आणि भेगेच्या वाटेनं नाचत नाचत छपरापर्यंत गेली.

लाडकी दारात कमरेवर हात ठेवून बघत होती. तिच्या समाजात भिंत लग्नाला लिहितात, सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठानं. तिनं स्वतः पाड्यातल्या कितीतरी भिंती लिहिल्या होत्या. तिनं विचारलं, "लगीन कोणाचं हाय?"

"लगीन नाही, आजी. डेकोरेशन आहे."

"लगीन नाय तं भीत कशाला लिहायची?" ती म्हणाली. पोरगा हसला आणि त्यानं आणखी एक नाचणारा काढला.

दुसऱ्या दिवशी मंडपवाले आले. त्यांनी ट्रकमधून लोखंडी टेकू उतरवले, स्लॅब टाकताना लावतात तसले. चार छपराला लावले, दोन तिरपे मागच्या भिंतीला. वरून खालपर्यंत गुलाबी कापड गुंडाळलं, त्यावर झेंडूच्या माळा. घराचा लग्नमंडप झाला. लाहूनं एका खांबावर बोटानं टकटक केलं.

"हे कशाला, परविण?"

"शोभेला, काका."

"शोभा भलती वजनदार हाय," लाहू म्हणाला, आणि मंडपवालेही हसले. प्रविण हसला नाही. त्यानं मान वळवून मागं पाहिलं. लाहूला तेव्हाच सगळं समजलं होतं. भेग आपल्याला दिसते तशी त्यांनाही दिसते, हे समजलं होतं. पण त्या घडीला त्याला ते मजेचंच वाटलं, रात्री तंबूत बसून सांगण्याजोगं. लाडकी हसली नाही. ती म्हणाली, "त्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून लावलं. आपल्या डोक्याचं काय?"

साहेब आले ते दीड वाजता. पंधरा गाड्या, धूळ, कॅमेरे. पाड्यातली माणसं अंगणात दाटीनं उभी राहिली, आणि बघणाऱ्याला वाटलं असेल की ही सगळी साहेबांच्या तोंडाकडे बघतायत. ती भुईकडे बघत होती.

लाडकीनं पहाटे उठून नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ आणि सुके बोंबील केले होते. बोंबील आगरच्या कोळणीकडून मुद्दाम आणलेले, चांगले. वासानं प्रविणचा चेहरा पडला. साहेबांचा उपवासाचा वार होता. बोंबील पातेल्यासकट कुडात परत गेले. मग हॉटेलातले डबे उघडले आणि पनीर, पुलाव, जिरेवाली कसलीशी भाजी पळसाच्या पानांवर वाढली गेली. बाटलीतलं पाणी पितळेच्या तांब्यात ओतलं. सगळं झाल्यावर एक भाकरी साहेबांच्या पानावर ठेवली. साहेबांनी तिचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, आणि फोटोवाल्यांचं समाधान होईपर्यंत तिथंच धरून ठेवला. मग तो तुकडा पानाच्या कडेला गेला. उपवासाच्या दिवशी पुलाव कसा चालतो हे विचारायचं लाहूच्या ओठावर आलं होतं. पण शेड डोळ्यांपुढं होती, त्यानं घासाबरोबर गिळलं.

साहेब भिंतीला पाठ लावून बसले होते, चित्राखालीच. दोन्ही बाजूंना गुलाबी टेकू. लाहू आणि लाडकी समोर. निलमलाही आणून बसवलं होतं, फोटोत आई होणारी बाई चांगली दिसते म्हणून. साहेब छान बोलले. "बघा, हे कुटुंब घाबरलं का? हे घर मजबूत आहे, कारण ते विश्वासावर उभं आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. आपापल्या घरात परत या."

अंगणातली माणसं श्वास धरून होती. चैत्याचे ओठ हलत होते. लाहू मनात म्हणत होता, आथा हल. आथा. आये, एकदा हल. आणि लगेच त्याची नजर निलमच्या पोटाकडे जायची आणि तो म्हणायचा, नको, थांब. जेवण होईपर्यंत त्याचं हे हल-थांब चाललं होतं.

जमीन हलली नाही. पान नाही, पाणी नाही, तांब्यावरची माशीसुद्धा हलली नाही. साहेबांनी हात धुतले, निलमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पंधरा गाड्या धुरळा उडवत गेल्या.

गाड्या दिसेनाशा व्हायच्या आधीच मंडपवाले टेकू काढायला लागले. लाहू धावला. "राहू दे की दोन. मागले दोन तरी राहू दे."

"भाड्याचे आहेत, काका," प्रविण म्हणाला. "उद्या दुसरीकडे प्रोग्राम आहे."

"आणि शेड?"

"येणार ना. माझा शब्द आहे." तो गाडीत बसला, आणि बसताना त्यानं लाहूकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता. साहेब, घास, नाचणारी भिंत. संध्याकाळपर्यंत पाड्यात मतं बदलू लागली. कुणी म्हणालं, साहेबाचा पायगुण. कुणी म्हणालं, धरतरी पण मोठ्या माणसाला दबून असते. पुढले दहा-बारा दिवस भुई शांत राहिली तशी काही घरं आत झोपायलाही लागली. थंडी अशी होती की माणूस कशावरही विश्वास ठेवेल.

मग घरं तपासणारा इंजिनीयर आला. तरुण, दमलेला, दिवसाला पन्नास घरं बघायची त्याच्यावर पाळी. लाहूच्या घरात शिरला आणि भिंत बघून खूश झाला. "वा! हेच ना ते, पेपरातलं?"

लाहू म्हणाला, "साहेब, चित्राच्या खाली भेग हाय. हात जाईल एवढी. वरून लिंपलं हाय."

इंजिनीयर हसू लागला. त्याच्याबरोबरचा गावचा माणूसही हसू लागला. "हा लाहू," तो म्हणाला, "याचं सगळं असंच असतंय. मागं म्हणत होता, भूकंप मोजायचं यंत्र साहेबांच्या तोंडाला बसवा."

"ऐकलंय मी तुमच्याबद्दल, काका," इंजिनीयर म्हणाला.

"मस्करी नाय करत, रे. देवाशप्पत. खरवडून बघ."

दोघं आणखीच हसले. लाहू आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून बोलत होता आणि लोक पोट धरून हसत होते. त्यानं स्वतःच विळ्यानं पुट्टी खरवडायला घेतली, तेव्हा त्या गावच्या माणसानं त्याचा हात धरला. साहेबांच्या कार्यक्रमाची भिंत, खराब केलीस तर प्रविण मला विचारील, म्हणाला. इंजिनीयर तोवर पुढल्या घरी पोचला होता. लाहूचं घर राहण्याजोगं ठरलं.

राहण्याजोग्या घराला तंबू कशाला? दोन दिवसांनी माणसं आली आणि तंबू काढून घेऊन गेली. जास्त गरज असलेल्यांना द्यायचाय, म्हणाली. लाडकी तंबूचा खांब धरून बसली होती. तिला बाजूला करताना त्यातल्या एकानं 'मावशी, आमच्या हातात काही नाही' असं म्हटलं, आणि ते खरंही असेल. पण खांब त्याच्या हातात होता.

फेब्रुवारीत निलम तलासरीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. लहानशी, पण रडायला खणखणीत. दिपक येऊन पेढे वाटून गेला. चौथ्या दिवशी बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा लाडकीनं निळ्या प्लास्टिकखाली बाज मांडून ठेवली होती. दोन रात्री तिथं काढल्या. दव टपकत होतं, बाळ कुरकुरत होतं, तिसऱ्या दिवशी त्याला खोकला झाला. कुडात नेलं तर चुलीच्या धुरानं त्याचा जीव घुसमटला, आणि जागाही दोन माणसं बसतील एवढीच. आरोग्य खात्याची आशाताई येऊन ओरडून गेली, "बाळाला ऊब द्या, नाहीतर न्यूमोनिया होईल. घर असून बाहेर काय झोपता?"

लाहू शेडसाठी प्रविणला फोन करत होता. आधी 'पुढच्या आठवड्यात' असं उत्तर आलं, मग फोन उचलणंच बंद झालं.

शेवटी लाडकीनंच ठरवलं. बाज घरात दारापाशी लावली, पाय उंबऱ्याकडे. भुई गुरगुरली की निलमनं बाळ उचलायचं आणि दोन पावलांत बाहेर. स्वतः ती मागच्या भिंतीकडच्या बाजूला आडवी झाली.

"तू कशाला तठं?" लाहूनं विचारलं.

"मधे कोण तरी पायजे ना," ती म्हणाली, जसं काही कुत्रं-मांजर येईल म्हणून झोपतेय.

पाच दिवस गेले. बाळाचा खोकला कमी झाला. सहाव्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, लाहू कुडात बाळंतिणीचं पाणी तापवत होता. आवाज आला तो नेहमीचा नव्हता, सुरुंग लावल्यासारखा होता. कूड सुपासारखा पाखडला गेला. लाहू बाहेर पळाला तर निलम बाळाला छातीशी धरून दारातून पडत-धडपडत बाहेर येत होती, आणि तिच्या पाठीवर लाडकीचे दोन्ही हात होते, ढकलणारे. निलम अंगणात गुडघ्यावर पडली. मग मागची भिंत आत आली. सगळीच्या सगळी, एकदम.

पाड्यानं हातांनी विटा काढल्या. विटांवर पांढरे नाचणारे होते, कुणाचा हात, कुणाचा पाय, आणि माणसं त्या विटा घाईघाईनं मागं फेकत होती. लाडकी मिळाली तेव्हा तिच्यात जीव नव्हता.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा संध्याकाळपर्यंत आला. दोन ट्रक तंबू. लष्करातल्यासारखे, पक्के, आतून अस्तर लावलेले. घराला एक देऊन वर उरले. डॉक्टर आले, ब्लँकेटं आली, दूध पावडर आली. ज्या माणसांनी तंबू नेला होता तीच माणसं नवा ठोकून देत होती, आणि कुणाकडे न बघता ठोकत होती.

तिसऱ्या दिवशी प्रविण आला. लाहू तंबूच्या तोंडाशी बसून होता. प्रविणनं त्याचे पाय धरले. रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाला, "काका, साहेब निघालेत. सांत्वनाला येतायत. खुर्च्या टाकायच्या होत्या."

"घरात टाक," लाहू म्हणाला.

"घरात कसं, काका? तीनच भिंती राहिल्यात. धोका आहे."

पाड्यातली चार माणसं जवळ बसली होती. लाहू आता काहीतरी बोलेल, असं सवयीनं त्यांना वाटलं असावं. तो म्हणाला, "त्या दिवशी पण व्हता. तुला ठावं व्हतं." आणि मग, "मना पण ठावं व्हतं, परविण. मी हसलो."

तो उठला आणि घरात जाऊन बसला. उरलेल्या विटांच्या ढिगापाशी, जिथं पानं मांडली होती तिथं. वर पत्रे एका बाजूनं लोंबत होते. वारा आला की करकर वाजत होते.

साहेब आले. अंगणाच्या टोकाला, मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी हात जोडले आणि मग त्यांना समजलं की ज्याचं सांत्वन करायचं तो समोर नाही. कॅमेरे घराकडे वळले. आधी प्रविणनं हाक मारली. मग पोलिसानं. मग घरं तपासणारा तो इंजिनीयर आला होता, तो ओरडला, "काका, बाहेर या! ती भिंत कधीही पडेल!" मग अधिकारी. शेवटी साहेब स्वतः दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "लाहूभाऊ, बाहेर या! आत धोका आहे!"

लाहू ऐकत होता. एकेकाचा आवाज त्याला ओळखू येत होता. धोका आहे, धोका आहे, सगळं अंगण म्हणत होतं. अंगात कुठंतरी हसण्याची कळ आल्यासारखं वाटलं, पण वर काही आलं नाही. त्याला आत यायला हवं होतं कुणीतरी. एकानं. ज्यानं त्या दिवशी इथं मांडी घातली होती, अशा कुणीही. भांडायला नको होतं, काही मागायचं नव्हतं. तो उंबऱ्याकडे बघत बसला, आणि उंबऱ्याच्या अलीकडे कुणाचं पाऊल पडलं नाही.

मग उंबऱ्यात निलम दिसली. गुडघ्याला पट्टी, काखेत बाळ. कुणी अडवायच्या आत ती गर्दीतून आली होती. "मामा," ती म्हणाली, "तू येत नाय तं मी येते," आणि तिनं एक पाय आत टाकला.

लाहू जो उठला, तो दोन उड्यांत दाराशी. बाळ हिसकावून घेतलं, सुनेला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं, अंगणाच्या मधोमध नेलं. तेवढ्यात साहेब पुढं झाले आणि त्यांनी लाहूच्या खांद्यावर हात ठेवला. कॅमेरे खटाखट वाजले. लाहूला तो हात झटकायचा होता, पण दोन्ही हातांत बाळ होतं.

दुसऱ्या दिवशी दिपकनं पेपर आणला. पहिल्या पानावर फोटो, साहेबांचा हात, लाहूचा उघडा पडलेला जबडा, बाळाची मूठ. खाली लिहिलं होतं की धोकादायक घरात अडकलेल्या वृद्धाची आणि त्याच्या नातीची साहेबांनी स्वतः पुढं होऊन सुटका केली. दिपकनं बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवली. लाहूनं विचारलं, "तुझ्या आयसचं काय लिवलं हाय?" दिपकनं पुन्हा वरपासून वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं.